इसानच्या गावात जाताय? मग आधी हे वाचा

जय ख्रिस्त, भाऊ! इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. तिथे सुवार्ता सांगायला जात असशील तर पहिलं वर्षभर प्रचाराचं डोक्यातून काढून टाक. बँकॉकची थाई शिकून आलास तरी इसानमध्ये म्हाताऱ्या माणसांशी लाओच बोलावी लागते, ती शीक, आणि टोपलीतला चिकट भात हाताने गोळा करून त्यांच्यासोबत जमिनीवर बसून खा. जून-जुलैत भाताच्या लावणीला चिखलात उतर, तिथे जेवढं बोलणं होतं तेवढं चर्चमध्ये होत नाही.

शब्द जपून वापर. आपलं पाप तिकडे 'बाप' होतं, पण मी एका आजीला 'आपण सगळे पापी' म्हटलं तर ती म्हणाली हो ना, आजच सकाळी मासे मारले! तिच्या लेखी पाप म्हणजे जीव मारणं. पुण्याला 'बुन' म्हणतात आणि ते कमवायचं असतं, त्यामुळे कृपा फुकट मिळते हे त्यांना पटायला वेळ लागतो.

आणि कोणी लगेच हो म्हणालं तर हुरळून जाऊ नकोस, तिकडे 'क्रेंगजाय' असतं, म्हणजे समोरच्याला अवघडायला नको म्हणून होकार. बाप्तिस्म्याची घाई नको, आधी घरच्यांना भेट. बौद्ध घरातून ख्रिस्ती झालेल्या मुलाला आईवडिलांच्या अंत्यविधीला काय करायचं हा खरा प्रश्न असतो, त्यावर तिथल्याच जुन्या विश्वासणाऱ्यांना बोलू दे, तू गप्प बस.