नोकरी अंधेरीला आहे. वसईत घर घेतलं तर मराठी कुटुंबाला तिथलं वातावरण मानवेल का?

हो, मानवेल, आणि मुलांना दादर-पार्ल्यात न मिळणारी गोष्ट इथे मिळेल: एकाच गावात मराठीची चार रूपं. मी वसईकर आहे, त्यामुळे रोज ऐकतो. सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोलतात, वाडवळ समाजाची वाडवळी वेगळी, पाचूबंदरला कोळी, आतल्या गावांत आगरी. चर्चमध्ये मिस्साही (सामूहिक उपासना) मराठीत होते! स्टेशनच्या पूर्वेला आणि नालासोपाऱ्यात मात्र गुजराती, उत्तर भारतीय शेजारी जास्त भेटतील. पश्चिमेला गास, निर्मळ, भुईगावकडे अजून वाड्या, विहिरी, केळीच्या बागा टिकून आहेत. तो मोकळेपणा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पण घर बघताना दोन गोष्टी तपासाच:

- पाणी: महापालिकेची जोडणी आहे की टँकरवर भागतं, हे सोसायटीतल्या रहिवाशांना विचारा, बिल्डरला नको.
- पावसाळा: जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्या होत्या. सखल भागातला तळमजला घेऊ नका.

लोकलने अंधेरी साधारण पाऊण तास. सकाळी विरारहून गाडी भरूनच येते, तेव्हा आधी आठवडाभर त्याच वेळेला प्रवास करून बघा.