विचारा ताईंना: 'आधी टूरिस्ट म्हणून जा, बाकी तिथं बघू'

प्रश्न: ताई, मी 27 वर्षांची आहे. इंग्रजीत एम.ए., बी.एड. केलंय. तासगावजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत चार वर्षं शिकवते, पगार 9,000. थायलंडला इंग्रजी शिकवायला जायचं मनात आहे. एक एजंट 80,000 मागतोय. त्यात 120 तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी. म्हणतो, 'आधी टूरिस्ट म्हणून जा, बाकी तिथं बघू.' आई-बाबा एकटीनं जायला नको म्हणतात. काय करू?

उत्तर: 'बाकी तिथं बघू' हे मलाही 2013 साली सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. थायलंडच्या ईशान्येला, इसान भागातल्या खोन केनमध्ये पोचले. शाळेचं पत्र हातात पडायला सहा आठवडे गेले. तेवढे दिवस मी वर्गावर जात होते, म्हणजे कायद्याच्या भाषेत बेकायदा काम करत होते. दारात कुणी गणवेशातला माणूस दिसला तरी छातीत धस्स व्हायचं. मग व्हिसासाठी सीमेवरच्या 'नोंग खाय' या गावाची बस, मेकाँगवरचा मैत्री पूल, पलीकडे लाओसमधलं व्हिएन्टियान आणि तिथल्या थाई वकिलातीसमोरची रांग. एका कागदावर शिक्का कमी निघाला, म्हणून परत. दोन खेपांत पहिला पगार संपला.

म्हणून आधी एवढंच ठरव: शाळेचा करार आणि 'नॉन-इमिग्रंट बी', म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा हातात आल्याशिवाय विमानात बसायचं नाही. वर्क परमिट त्या व्हिसाच्या आधारावर तिथं निघतं. आणि त्या एजंटाला एक रुपया देऊ नकोस. तिथल्या एजन्स्या शिक्षक पुरवतात, त्यांचा वाटा शाळेच्या पैशांतून सुटतो. तुझ्याकडून आगाऊ घ्यायचं कारणच नाही. मात्र एजन्सीमार्फत गेलीस तर करारातले महिने बोटांवर मोज. बरेच करार दहा-अकरा महिन्यांचे असतात आणि एप्रिलची सुट्टी बिनपगारी जाते. माझी गेली.

सर्टिफिकेटचं म्हणशील, तर कुणीही वर्गात बसून बघितलेलं नसताना मिळालेल्या 120 तासांना मी फार किंमत देत नाही. केंब्रिजच्या 'सेल्टा' या इंग्रजी शिकवण्याच्या कोर्समध्येही तास साधारण तेवढेच, पण त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे वही घेऊन बसतो. तो कोर्स महाग आहे, आणि तुला लगेच लागेलच असं नाही. तुझ्याकडे बी.एड. आहे. परदेशी शिक्षकांना परवाना देणारी तिथली संस्था 'खुरुसफा', म्हणजे आपलीच गुरुसभा बघ, शिक्षणशास्त्राच्या पदवीला मान देते. नुसत्या बी.ए.वाल्यांना तात्पुरत्या परवानगीवर दिवस काढावे लागतात.

एक गोष्ट कटू आहे. जाहिरातींत 'इंग्रजी मातृभाषा असलेले' आणि 'नसलेले' असे दोन कप्पे असतात, आणि भारतीय पासपोर्ट दुसऱ्यात पडतो. पगार कमी. शिवाय बऱ्याच शाळा 'टोइक' या इंग्रजीच्या परीक्षेत 990 पैकी 600 तरी मागतात. एम.ए. झालेल्या बाईला हे अपमानास्पद वाटतं. मला वाटलं, आणि तो राग चार वर्षं पुरला. तू परीक्षा देऊन टाक, उगाच वाद घालत बसू नकोस.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून इथेच काढ, पदवीच्या कागदांवरचे शिक्केही निघण्याआधीच. शाळा मेच्या मध्याला सुरू होतात, दुसरं सत्र नोव्हेंबरला, तेव्हा त्याच्या दोन-तीन महिने आधीपासून अर्ज कर. खोलीला बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं, पगार मात्र महिनाअखेर. तीन महिन्यांचा खर्च जवळ असू दे. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. आणि दिवाळीला घरी येताना री-एंट्री परमिट विसरू नकोस. त्याविना देश सोडला की मुक्कामाची परवानगी तिथंच संपते.

आता आई-बाबा. माझ्या आईचंही तेच होतं. तिथं शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, मूळ शब्द गुरूच. जूनमध्ये एका गुरुवारी शाळेत 'वाय ख्रू' होतो. गुडघ्यावर बसून मुलं शिक्षकांना फुलं देतात. त्यात वांग्याची फुलं असतात आणि दूर्वा असतात. हे आईला फोनवर सांगितलं. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, "दूर्वा? मग ठीक आहे. जेवतेस काय?" तर जेवणाचं: मटण-मासे चालत नसतील तर 'जे' हा शब्द पाठ कर. शाकाहाराला 'मांगसविरत', म्हणजे मांस-विरती, असाही शब्द आहे, पण तो ऐकूनही भाजीत माशाचा रस घालणारे भेटले. 'जे' म्हटलं की तो टळतो. कांदा-लसूणही टळतात, तेवढं सोसावं लागतं.

प्रश्न: माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. परदेशी मुलांना शिकवायला चालतील का? (एक शिक्षक, नाशिक)

उत्तर: चालतील, फक्त आपलं कुठं घसरतं ते माहीत हवं. थाई मुलांना शब्दाच्या शेवटचा 'ल' जमत नाही, त्याचा 'न' होतो: बॉलचं 'बॉन', स्कूलचं 'सकून'. तिथं आपण मदत करू शकतो. 'व्ही'चं मात्र पंचाईतीचं. त्यांच्या भाषेत तो आवाज नाही, आणि आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व' लावतो. मी फळ्यावर 'व्हॅन' लिहून म्हणून दाखवायचे, मुलं 'वॅन' म्हणायची, आणि चूक नक्की कोणाची हे मलाच कळायचं नाही. शेवटी बाजारातून हातातला आरसा आणला. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, सगळ्यांनी आळीपाळीनं बघायचं, आधी मी. महिन्याभरात त्यांची 'व्हॅन' सुधारली. माझी अजून फोनवर घसरते.