शाल नको म्हणणारा माणूस

नोकरी, पगार, निवृत्ती: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, माझे यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ३३ वर्षं टर्नर आहेत, लेथ मशीनवर काम करतात. मे अखेर निवृत्त होतायत. एचआरमधल्या मुलीने मला फोन करून विचारलं, ‘काकांना निरोपाची भेट काय आवडेल? पाच हजारांपर्यंत बसवते.’ हे कळल्यावर यजमान म्हणाले, मला कार्यक्रमच नको, शेवटच्या दिवशी कार्ड पंच करून सरळ घरी येईन. तेव्हापासून धड बोलतही नाहीत. लोक काय म्हणतील? त्यांना राजी कसं करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: राजी करण्याआधी एवढं विचारून घ्या: त्यांना निरोप नकोय, की स्टेज नकोय?

मी बार्ज, म्हणजे नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटी, त्यांच्या दुरुस्तीच्या एका यार्डात आस्थापना विभागात २९ वर्षं होते. शाली आणणं, शेंडीवाले नारळ शोधणं, समईवर नाव कोरून घेणं, साहेबांचं भाषण लिहिणं, सगळं माझ्याच टेबलावर. मे अखेर तर विचारू नका. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख लावून दिलेली. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे म्हटला की तीन-चार जण एका रांगेत खुर्च्यांवर, मागे एकच बॅनर आणि सगळ्यांना मिळून एकच भाषण. मान खाली घालून बसलेले असायचे बिचारे, वरातीत चुकून शिरल्यासारखे.

भाषणाची एक गोष्ट सांगते. दोष माझाच. एका एप्रिलात आमचा क्रेन ऑपरेटर निवृत्त झाला. मे महिन्यात रंगकामाच्या खात्यातले एक जण जायचे होते. मी तीच फाईल उघडली, नाव बदललं, वर्षं बदलली. मधला परिच्छेद राहून गेला. साहेब वाचत गेले, ‘क्रेनवर यांचा हात इतका हलका, की...’ समोर दीडशे माणसं, एकही हसलं नाही. टाळ्यासुद्धा पडल्या. नंतर पॅटीस आणि केकची कागदी बशी हातात घेऊन ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘बाय, तें भाशण म्हजें न्हय गो.’ रागाने नाही. एखाद्याची छत्री चुकून आपल्याकडे आली तर परत करताना बोलतो ना, तसं. ३१ वर्षं त्यांनी बार्जच्या तळाचा गंज खरवडून रंग दिला होता आणि क्रेनला कधी हात लावला नव्हता.

त्यानंतर मी फाईल उघडणं बंद केलं. दोनेक वर्षांनी एक वेल्डर निवृत्त होणार होते, तुमच्या यजमानांसारखेच ‘नको’ म्हणणारे. त्यांच्या फोरमनने काय करावं? हॉल घेतलाच नाही. जुन्या कपाटातून १९८७ सालचं जॉब रजिस्टर शोधून काढलं. वाळवीने कडा खाल्लेल्या. सकाळच्या दहाच्या चहाला, वर्कशॉपमध्येच, वेल्डिंगच्या पडद्याशेजारी उभं राहून त्यांच्या नावावरची पहिली नोंद वाचली: तळाचा पत्रा, उजवी बाजू, सात फूट, पुन्हा काम करावं लागलं नाही. वेल्डर ऐकत होते. मग म्हणाले, ‘सात न्हय, आठ.’ सगळे हसले, आणि नंतर पंधरा मिनिटं ते स्वतःच बोलत राहिले. त्या बार्जचं नाव, त्या दिवशी भरती किती वाजता होती, कोणाच्या हातून रॉड पाण्यात पडला. नाही म्हणणाऱ्या माणसाचं इतकं लांब भाषण मी दुसरं ऐकलं नाही.

म्हणून एचआरच्या त्या मुलीला उलटा फोन करा. तिला सांगा, हॉल नको, बॅनर नको. यजमानांच्याच खात्यात, चहाच्या वेळी, पंधरा मिनिटं. साहेबांनी शाल घालायची तर घालू दे, पण बोलायचं त्या पोराने ज्याला यजमानांनी लेथ शिकवला. असा एक तरी असतोच. भेटवस्तूचं म्हणाल तर पाच हजारांत समई येते आणि शोकेसमध्ये उभी राहते. माझं ऐकाल तर ज्या मायक्रोमीटरने त्यांनी इतकी वर्षं माप घेतलं तो मागा. कंपनीच्या मालमत्तेतून तो वगळावा लागेल, त्याला एक अर्ज आणि साहेबांची सही पुरते. आणि गेटपास विसरू नका! नाहीतर ३३ वर्षांच्या माणसाची शेवटच्या दिवशी गेटवर पिशवी उघडली जाईल आणि सगळ्या कार्यक्रमावर पाणी. पैसे उरले तर खात्यातल्या सगळ्यांना मानकुराद आंबे. मेच आहे.

एवढं करूनही ते नाहीच म्हणाले तर सोडून द्या. लोक काय म्हणतील ते लोकांनी बघावं. आमच्याकडे २०१२ साली खाणी थांबल्या, बार्ज नदीत नुसते उभे राहिले, आणि पुढच्या काळात माणसं यादीने घरी गेली. त्यांना शाल नव्हती, चहाही नव्हता, हिशोबाची पाकिटं गेटवरच्या सिक्युरिटीच्या खिडकीतून वाटली. ती पाकिटं माझ्या हातची होती. तेव्हापासून निरोप न मागणाऱ्या माणसाला मी आग्रह करत नाही. ज्याला हवा होता आणि मिळाला नाही, तो मात्र अजून डोक्यात बसलाय.

हो, आणि त्या मुलीकडून आणखी एक कागद मागून घ्या, ग्रॅच्युइटीचा हिशोब, निवृत्तीच्या महिनाभर आधीच. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा तो आकडा २६,००० असेल, तर ३३ वर्षांचे ४,९५,००० होतात. शेवटच्या वर्षी सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग हिशोबाच्या पगारात मिळवतात. तेव्हा पगाराच्या स्लिपवर मूळ पगार बारीक आणि भत्ते भरमसाट असतील तर एकदा हिशोब तपासून घ्या. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी १०-डी फॉर्म लागतो. यजमानांची ५८ वर्षं उलटली असतील तर ते पेन्शन निवृत्तीची वाट न बघताही मागता आलं असतं. ६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतं. थांबायचं की नाही ते ठरवून करायचं असतं, विसरून नव्हे.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेचे शिपाई निवृत्त होतायत. सचिव म्हणून मला बोलायचंय. कोकणीत बोलू की मराठीत? मानपत्र मराठीत छापलंय.
— एक वाचक, साखळी

उत्तर: मानपत्र मराठीत, बोलणं कोकणीत. गोव्यात आपण आयुष्यभर हेच करत आलो, आता घोळ कसला? पत्र मराठीत लिहितो आणि ते पोस्टात टाकायला कोकणीत सांगतो. तुम्ही त्यांच्याशी रोज ज्या भाषेत बोलता तिच्यातच बोला. त्या दिवशी अचानक ‘आपण’ आणि ‘कृतज्ञता’ सुरू केलीत तर ते मागे वळून बघतील, कोणाबद्दल चाललंय म्हणून. मानपत्राचं प्रूफ मात्र तुम्ही स्वतः वाचा, नाव त्यांच्या आधार कार्डाशी ताडून. माझ्या स्वतःच्या स्मृतिचिन्हाची ऑर्डर मीच दिली होती. माझ्या जागी आलेल्या मुलीला दुकानाचा नंबर ठाऊक नव्हता, तिने मलाच विचारला. मी म्हटलं राहू दे, मी करते फोन. स्पेलिंगही मीच सांगितलं. समारंभात ते हातात पडल्यावर चकित झाल्याचा चेहरा केला, तो फोटोत काही जमलेला नाही.

प्रश्न: फेब्रुवारीत निवृत्त झालो. कंपनीने हॉटेलात मोठा कार्यक्रम केला, सोन्याचा मुलामा दिलेली लक्ष्मी दिली, मालक स्वतः गळ्यात पडले. तीन महिने झाले, ग्रॅच्युइटी नाही. फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. इतक्या चांगल्या निरोपानंतर तक्रार करायला लाज वाटते.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: लाज मालकाला वाटू दे. ग्रॅच्युइटी ही भेट नाही. १९७२ च्या कायद्यापासून तो हक्क आहे आणि नव्या संहितेतही तो कायम आहे. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट. लक्ष्मी कपाटात ठेवा आणि आधी कंपनीला लेखी अर्ज द्या, रजिस्टर्ड पोस्टाने, पोच जपून. त्यालाही उत्तर आलं नाही तर पणजीला कदंबच्या बसस्टँडवर उतरा आणि पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात जा, कामगार आयुक्तांचं कार्यालय तिथेच आहे. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि कार्यमुक्तीचं पत्र. ते पत्र दिलं नसेल तर कार्यक्रमाचा फोटो न्या, मालक गळ्यात पडलेले आहेत तो. मागच्या बॅनरवर तुमचं नाव, नोकरीची वर्षं आणि तारीख मोठ्या अक्षरांत असेलच.