पर्यावरण संघर्षातली हिंसा नोंदवायला सुरुवात करताय? आधी एवढं बघा

अरे वा, या विषयात उतरताय, छान. नवीन माणूस हमखास एक चूक करतो, फक्त खून मोजतो. मीही तेच करायचो. बेर्ता कासेरेस यांचंच घ्या, होंडुरासमध्ये नदीवरच्या धरणाला विरोध करत होत्या, मार्च २०१६ मध्ये घरात घुसून गोळ्या घातल्या, हे सगळे सांगतात, पण त्याआधी वर्षानुवर्षं धमक्या आणि केसेस चालू होत्या ते कोण लिहितं? खून बहुतेक वेळा शेवटी येतो, आधीचं सगळं नोंदवा.

सुरुवातीला एवढंच:

- नॉर्वेचे शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसा समजून घ्या. म्हणजे हात कोणी उचलत नाही, तरी पाणी-जमीन हिसकावल्याने माणसं मरतात.
- संथ हिंसा, म्हणजे हळूहळू, वर्षानुवर्षं होत राहणारं आणि चटकन न दिसणारं नुकसान, सोडू नका. नायजेरियातल्या नायजर डेल्टात तेलगळती दशकानुदशकं चाललीय, पण जगाचं लक्ष गेलं ते १९९५ मध्ये या प्रदूषणाविरुद्ध लढणारे लेखक केन सारो-विवा यांना फाशी दिली तेव्हा. आणि हो, तीही खटला चालवून, लष्करी राजवटीच्या विशेष न्यायाधिकरणात! त्यामुळे कोर्टाचा शिक्का दिसला की हिंसा नाही असं धरू नका.
- 'गाव विरुद्ध कंपनी' एवढं सोपं नसतं, गावातही फूट पाडली जाते.

साक्षीदाराचं नाव कुठेही टाकू नका, त्याने स्वतः हो म्हटलं तरी आधी दहादा विचार करा. थिअरीचे बाकीचे वाद, वर्गीकरण वगैरे नंतर बघू, आधी एकच संघर्ष निवडा आणि त्याची तारीखवार टाइमलाइन बनवा.