टेकडीच्या मातीतले यीस्ट : आधी जतन, मग नाव

प्रश्न : मी पुण्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वेताळ टेकडीवरील मातीतून आमच्या विद्यार्थ्यांनी यीस्टच्या तीन वसाहती वेगळ्या केल्या असून त्यांपैकी दोन पांढऱ्या व बुळबुळीत, तर एक गुलाबी आहे. त्यांची प्रजाती कशी ओळखावी आणि त्या कशा टिकवाव्यात? आमच्याकडे उणे ८० अंशांचा फ्रीझर नाही.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाव पुढच्या वर्षीही ठरवता येईल, पण मेलेले कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले यीस्ट) परत मिळणार नाही, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रत्येक वसाहत ताज्या माध्यमावर दोन-तीनदा रेघाटून, म्हणजे पेशी रेघांनी विरळ पसरवून, शुद्ध करावी आणि तीत जिवाणू शिरलेले नाहीत याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी. फ्रीझर नसल्यास निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी पुरते. ताज्या वाढीतील थोड्या पेशी लूपने (तारेच्या फाशाने) उचलून घट्ट फिरकीच्या झाकणाच्या नळीतील दोन-तीन मिलिलिटर पाण्यात मिसळाव्यात. अशा नळ्यांमध्ये अनेक यीस्ट साध्या तापमानालाही वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मात्र पेशींबरोबर माध्यमाचा तुकडा येऊ देऊ नये, कारण त्यातील अन्नावर वाढ सुरू होते आणि सारा हेतूच फसतो. गोठताना पेशींना जपणारे ग्लिसरॉल घालून घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तेथील तापमान सतत वरखाली होते. प्रत्येक नळीवर मातीची जागा, खोली आणि तारीख लिहावी. एवढी नोंद नसलेल्या कल्चरला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

पांढऱ्या, बुळबुळीत वसाहतींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. मातीतील लायपोमायसिससारखी निरुपद्रवी यीस्टही अशीच दिसतात, पण कबुतरांच्या विष्ठेने दूषित मातीत आढळणारे आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सही तसेच दिसू शकते. ते ओळखण्यासाठी कारळ्याच्या अर्कापासून केलेले अगार (घट्ट माध्यम) वापरतात, म्हणजे आपण चटणीसाठी आणतो तेच कारळे. त्यावर या यीस्टच्या वसाहती मेलॅनिनमुळे तपकिरी होतात. तसे दिसले, विशेषतः ते यीस्ट ३७ अंशांनाही वाढत असेल, तर विद्यार्थ्यांचे काम थांबवून वैद्यकीय प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा.

गुलाबी रंग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा असतो, पण रोडोटोरुला आणि स्पोरोबोलोमायसिस ही दोन्ही यीस्ट गुलाबीच. डिश काही दिवस उलटी ठेवून पाहावी. स्पोरोबोलोमायसिस आपले बीजाणू झाकणावर फेकते आणि तेथे वसाहतीचे आरशातल्यासारखे प्रतिबिंब उमटते.

तरीही पक्के नाव रंगरूपावरून किंवा केवळ शर्करा आंबवण्याच्या चाचण्यांवरून ठरत नाही. त्यासाठी यीस्टच्या डीएनएतील २६एस आरआरएनए या जनुकाचा डी१/डी२ हा सुमारे ६०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) भाग प्रयोगशाळेकडून वाचून घ्यावा, आणि शक्य असल्यास त्याच्या जवळचा आयटीएस हा भागही. कर्ट्झमन आणि रॉबनेट या यीस्ट-अभ्यासकांनी १९९८ मध्ये मांडल्याप्रमाणे या भागात एक टक्क्याहून अधिक फरक असल्यास सहसा प्रजाती वेगळी समजतात. हा निकष अ‍ॅस्कोमायसीट या गटातील यीस्टवर आधारलेला आहे आणि वरील गुलाबी यीस्ट त्या गटातली नाहीत, म्हणून त्यांना तो डोळे झाकून लावू नये. वाचलेल्या क्रमाची तुलनाही जनुकपेढीत (डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) शोधल्यावर यादीत सर्वांत वर आलेल्या नोंदीशी न करता त्या प्रजातीच्या प्रमाण वाणाच्या, म्हणजे ज्यावरून ती प्रजाती ठरवली त्या मूळ वाणाच्या, क्रमाशीच करावी. तेथे चुकीच्या नावाने टाकलेल्या नोंदी कमी नाहीत.

क्रम हाती आल्यावर पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाशी किंवा आघारकर संशोधन संस्थेतील बुरशी संग्रहाशी संपर्क साधावा. ते कोणती कल्चर्स स्वीकारतात आणि कोणती माहिती मागतात, हे पाठवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.