सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज : वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की मला येणारे प्रश्न ठरलेले असतात. पोरीच्या ॲडमिशनचं कसं करायचं, आणि साप चावला तर कुठे न्यायचं. दोन्हीत सेवाग्रामचं नाव असतं आणि दोन्हीत ऐकीव माहितीच जास्त. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून यंदा नेहमीचे प्रश्न एकत्रच घेतो.

सेवाग्राम आणि सावंगी एकाच कॉलेजचे दोन दवाखाने आहेत का? (समुद्रपूर)

नाही. दोन्ही वर्ध्याजवळची मेडिकल कॉलेजं, पण संस्था वेगळ्या, गावंही वेगळी. रेफरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचूनच गाडी काढा.

माझे काका सेवाग्रामला शिकले, पण पदवी नागपूर विद्यापीठाची. असं कसं? (आर्वी)

बरोबर आहे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये झालं, तोवर सेवाग्रामचं कॉलेज नागपूर विद्यापीठाकडेच होतं. सेवाग्रामचा दवाखाना तर कॉलेजहूनही जुना. कस्तुरबांच्या स्मरणार्थ 1945 मध्ये बायका-मुलांसाठी 15 खाटांवर तो सुरू झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, गांधीजींच्या डॉक्टर राहिलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी तिथे खेड्यासाठी डॉक्टर घडवणारं कॉलेज काढलं.

गावात कॉलेजची पोरं येऊन घरोघरी वजन, रक्त तपासतात. आमच्यावर शिकतात म्हणायचं का? (देवळी)

शिकतातच, आणि शिकायलाच हवं. तिथे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं गावात मुक्कामाला राहतात, एकेकाकडे काही घरं सोपवलेली असतात. औषध मात्र सोबतचे शिक्षक-डॉक्टर ठरवतात. सूनबाईंचं रक्त कमी निघालं असेल तर तो कागद फेकू नका, घेऊन ओपीडीत जा.

एजंट म्हणतो, विदर्भाच्या मुलांना 70 टक्के जागा राखीव आहेत, वर पैसे भरले की सीट पक्की. (हिंगणघाट)

खोटं. तो 70:30 चा नियम 2020 मध्येच रद्द झाला. एमबीबीएसला नीट परीक्षा आणि सरकारी प्रवेश फेऱ्या सोडून दुसरी वाट नाही. शेत गहाण टाकून दिलेला पैसा परत मिळालेला मी पाहिला नाही. सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश कार्यालयाची, माहितीपुस्तिका वाचा, अडलं तर कॉलेजच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. जातवैधतेचा अर्ज मात्र आजच करा, निकालाची वाट पाहू नका.

भाऊ रात्री शेतात जागलीला जातो. साप चावला तर थेट सेवाग्रामला न्यावं का? आमच्यापासून 50 किलोमीटर आहे. (कारंजा)

थेट नको! आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय. सर्पदंशाची लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन, तिथे मिळते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि ती जितकी लवकर तितकी कामाची. मेडिकल कॉलेज लागतं ते पुढच्यासाठी: मण्यारीच्या विषाने श्वास अडकला तर व्हेंटिलेटर, घोणसाच्या विषाने किडनी निकामी झाली तर डायलिसिस. पण लस न घेता दीड तास गाडीत घालवला, तर आमच्या हाती उरतं काय?

मांत्रिकाकडे नेऊन मग आणलेले रुग्ण मी आयुष्यभर पाहिले. उतारा लागला असं सांगतात, तेव्हा बहुधा साप बिनविषारी असतो किंवा अंगात विष गेलेलंच नसतं. म्हणून तो मांत्रिक गावात टिकतो, आणि पुढच्या वेळी खरा विषारी दंश त्याच्याच दारात नेला जातो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल. तसं दिसलं तर उजाडायची वाट पाहू नका.

चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हात-पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर न्या. सापामागे धावण्यात वेळ घालवू नका. साप न पाहताही डॉक्टरांना अंदाज येतो, रक्त गोठतं की नाही हे दवाखान्यात 20 मिनिटांत काचेच्या नळीत कळतं. पुढे पाठवलं तर चिठ्ठीवर दंशाची वेळ आणि लसीच्या किती बाटल्या दिल्या ते लिहून मागा. भावाला बाज आणि मच्छरदाणी द्या, आणि लस आहे का हे या आठवड्यातच ग्रामीण रुग्णालयात विचारून ठेवा.

सेवाग्रामला सगळं फुकट असतं ना? (पुलगाव)

नाही. सरकारच्या जन आरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या.