हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये माघार घेणाऱ्या डिव्हिजन कायमच्या कशा संपवायच्या?

तुम्ही विचारलंय की जर्मनी घेऊन रशियात शिरलोय, रोज लढाया जिंकतोय, तरी समोरचं सैन्य कमीच का होत नाही. अहो, दुसऱ्या महायुद्धावरच्या या कॉम्प्युटर गेममध्ये लढाई हरणं वेगळं आणि नष्ट होणं वेगळं. डिव्हिजनवर, म्हणजे सैन्याच्या एका तुकडीवर, दोन पट्ट्या दिसतात बघा, हिरवी ऑर्गनायझेशनची आणि नारिंगी स्ट्रेंग्थची. लढाईत हिरवी संपली की डिव्हिजन पळते, पण नारिंगी बहुतेक वेळा बरीच भरलेली असते, म्हणजे माणसं आणि बंदुका शाबूत आहेत, नुसता दम संपलाय, शेजारच्या प्रॉव्हिन्समध्ये, म्हणजे नकाशावरच्या शेजारच्या तुकड्यात, जाऊन थोडे दिवस बसली की पुन्हा तुमच्यासमोर उभी.

तिला खरंच संपवायचं तर तिची पळायची जागा काढून घ्या. शेजारी त्यांच्या ताब्यातला एकही प्रॉव्हिन्स उरला नसेल तर हरल्या क्षणी अख्खी डिव्हिजन जाते, नारिंगी पट्टी कितीही भरलेली असू दे. दुसरा प्रकार ओव्हररनचा, म्हणजे ती अजून तिथून बाहेर पडायच्या आतच तुमची फौज तिथे पोचली तर ती तिथेच संपते. इथे वेगाला महत्त्व आहे, साधं पायदळ ताशी ४ किमी चालतं आणि मोटराइज्ड, म्हणजे ट्रकमधून जाणारं पायदळ, १२.

म्हणून टँक समोरासमोर झिजवू नका प्लीज. मी पायदळाला पूर्ण फ्रंटवर हल्ला चालू ठेवायला लावतो, त्याने समोरचे जागेवर अडकून राहतात, आणि टँक दोन बाजूंनी आत घालून मागे गाठ मारतो. सप्टेंबर १९४१ मध्ये किएव्हला खरंच हेच झालं, उत्तरेकडून गुडेरियन आणि दक्षिणेकडून क्लाइस्ट, या दोन जर्मन सेनापतींचे टँक किएव्हच्या बरेच मागे, लोख्वित्सापाशी भेटले आणि आतले लाखो सोव्हिएत सैनिक कैद झाले.

घेरा पडला की लगेच तुटून पडायची घाई नको, काही दिवस जाऊ द्या, रसद तुटली की आतल्यांची हिरवी पट्टी आपोआप खाली यायला लागते. मात्र मोठ्या घेऱ्यात एकेक प्रॉव्हिन्स मारत बसलात तर ते आतल्या आत इकडून तिकडे पळत राहतात, आधी घेऱ्याचे दोन तुकडे करा, मग चारही बाजूंनी एकदम हल्ला. माझ्या एका गेममध्ये शेवटच्या प्रॉव्हिन्समध्ये १४ डिव्हिजन कोंडल्या होत्या, त्या एका लढाईत सगळ्या गेल्या, आणि त्याआधी त्याच डिव्हिजनना मी दोन महिने नुसता मागे ढकलत होतो!

आणि घेऱ्यात बंदर असेल तर सगळ्यात आधी तेच घ्या. समुद्रातून त्यांना रसद मिळत राहते, बोटीत बसून निघूनही जातात. १९४० ला फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून जर्मनांनी घेरलेले ३ लाख ३८ हजार ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांचे सैनिक असेच निघून गेले होते.